आधण आणि सरपण

गोंदियाकडे दोन्ही वेळ भात. म्हणजे दोन्ही वेळ आधण. ते चुलीवर चढवले की आपण दुसऱ्या कामाला लागतो. आज मात्र, श्रोतेहो, पाच मिनिटे भांड्यापाशीच बसा.

पाणी कोमट झाले की भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे चिकटतात. ही वाफ नव्हे बरे का. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर येते आहे. पुढे बुडाशी खरी वाफ धरू लागते. पण तिचे बुडबुडे वर येता येता थंड पाण्यात मिटतात. त्या मिटण्याचाच तो सूं सूं आवाज. मग आवाज मंदावतो, पाणी खळखळू लागते. आधण आले!

इथेच आपले चुकते. आणखी एक लाकूड आत सारले जाते; वाटते, पाणी जास्त तापेल, भात लवकर शिजेल. छे! गोंदिया समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच; तिथे उघड्या भांड्यातले पाणी सुमारे ९९ अंश सेल्सिअसला उकळते आणि तिथेच थांबते. पुढची सारी आच वाफ करण्यात जाते. हिशेबच पाहा ना. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ७४ किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची पुरती वाफ करायला सुमारे ५४०. सातपटीहून जास्त! आणि सरपणाचा भारा कसा येतो, हे नागझिरा-नवेगावच्या जंगलाकाठच्या बायांना काय सांगावे? त्या रानात वाघ आहे, अस्वल आहे.

तेव्हा उकळी आली की एक लाकूड मागे ओढा, झाकण ठेवा. भात तेवढ्याच वेळात होतो. प्यायचे पाणी असले तरी खळखळती उकळी एक मिनिट पुरे; ते आटवीत बसू नये.

वाफेत गेलेली उष्णता मात्र कुठे नाहीशी होत नाही. थंड वस्तूला लागून वाफेचे पुन्हा पाणी झाले, की ती तिथे सुटते. उकड्या तांदळाच्या गिरणीत हेच चालते: तुसावर चालणाऱ्या बॉयलरची वाफ भिजवलेल्या धानात सोडतात, दाणा थोडा शिजतो, वाळल्यावर कणखर होतो आणि भरडताना कमी तुटतो.

हातावरही हेच होते. म्हणून झाकण पलीकडच्या बाजूने उचला. पहिली वाफ तिकडून जाऊ द्या, मग पळी घाला.