खेळ एक, फोन हजार



१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला. पडद्यावर परग्रहावरच्या शत्रूंच्या रांगा आणि खाली खेळणाऱ्याची तोफ. एकेक शत्रू पाडत गेलं की उरलेले जास्त जास्त वेगाने सरकू लागत आणि शेवटचा तर पळतच सुटे. खेळणाऱ्यांना ही मुद्दाम केलेली रचना वाटायची. मुळात तसं नव्हतं. शत्रू कमी झाले की प्रोसेसरचं चित्र काढण्याचं काम कमी व्हायचं आणि खेळ आपोआप वेग घ्यायचा. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ते पाहिलं, त्यातली रंगत ओळखली आणि तसंच राहू दिलं.

हे चालून गेलं, कारण त्या खेळाच्या प्रत्येक पेटीत प्रोसेसर तोच होता. सगळ्यांना सारखाच वेग, सारखीच अडचण. यंत्रं वेगवेगळी झाली आणि हाच प्रकार अंगाशी येऊ लागला. १९९९च्या 'क्वेक थ्री अरिना' या खेळात उडीची उंची फ्रेम रेटवर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्यावर, थोडी अवलंबून असायची. जाणत्या खेळाडूंनी सेकंदाला १२५ फ्रेम हा आकडा शोधून काढला, कारण त्यावर उडी जास्त उंच जाते. ज्याचा संगणक तेवढा दमदार नाही, त्याला ती उडीच नाही.

आज बॅटल रॉयलच्या, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला अशा खेळाच्या, एका मैदानात शंभर जण उतरतात. एकाच्या हातात यंदाचा महागडा फोन असतो, तर दुसऱ्याच्या हातात दादाने नवा घेतल्यावर मिळालेला पाच वर्षांपूर्वीचा. दोघांची गोळी सारख्याच वेगाने गेली पाहिजे. म्हणून खेळ बनवणारे खेळाचं गणित आणि खेळाचं चित्र वेगळं ठेवतात. गणित ठरावीक टप्प्याने चालतं आणि ऑनलाइन खेळात त्याचा शेवटचा निवाडा सर्व्हर करतो. चित्र मात्र ज्याच्या त्याच्या फोनच्या ऐपतीप्रमाणे निघतं. ऑप्टिमायझेशनची, म्हणजे खेळ फोनला झेपेल असा हलका करण्याची, बरीचशी कारागिरी या दुसऱ्या भागात आहे: चित्रातलं काय गाळायचं, आणि काय गाळलं तर खेळच बदलेल?

आधी हिशेब पाहू. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका चित्रासाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमना ३३.३ आणि १२० फ्रेमना जेमतेम ८.३. एवढ्यात बोटाचा स्पर्श वाचायचा, सर्व्हरकडून आलेली माहिती लावायची, हालचालींचं गणित करायचं आणि पूर्ण पडदा रंगवायचा. एखादं चित्र १६ऐवजी २० मिलिसेकंदांत तयार झालं, तर ६० हर्ट्झच्या साध्या पडद्यावर त्याची पाळी चुकते आणि जुनंच चित्र आणखी एक फेरी दिसतं. आपण ज्याला 'अडकतोय' म्हणतो, ते हेच. म्हणूनच कधी ६०, कधी ४० अशा हेलकाव्यांपेक्षा एकसारख्या ३० फ्रेम डोळ्यांना बऱ्या वाटतात.

सगळ्यात सोपी काटछाट पिक्सेलची. १०८० बाय २३४० च्या पडद्यावर सुमारे २५ लाख पिक्सेल असतात. लांबी-रुंदी ०.७ पटीवर आणली, तर ४९ टक्केच उरतात, म्हणजे रंगवण्याचं काम निम्मं. ते चित्र मग ताणून पडद्यावर बसवलं जातं. नकाशा, बटणं, उरलेल्या गोळ्यांचा आकडा एवढं मात्र मूळ रिझोल्यूशनमध्येच काढतात. डोंगर किंचित धूसर दिसला तरी कोणी तक्रार करत नाही. अक्षर फाटलेलं दिसलं की लगेच करतात.

दुसरा मोठा खर्च टेक्स्चरचा, म्हणजे भिंती, कपडे, बंदुका यांच्यावर चढवलेल्या चित्रांचा. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं एक टेक्स्चर कच्च्या स्वरूपात १६ एमबी जागा खातं. असली शंभर ठेवली, तर दोन जीबीच्या फोनची मेमरी तिथेच संपली. जेपीईजी इथे कामाचं नाही, कारण ते वापरण्याआधी पूर्ण उलगडावं लागतं. ग्राफिक्स चिपला दाबलेल्या अवस्थेतच हवा तो तुकडा वाचता यावा लागतो. २०१२ साली प्रमाणित झालेली एएसटीसी ही पद्धत तेच करते. ती चित्राचे ठोकळे पाडते आणि ठोकळा लहान असो वा मोठा, त्याला १२८ बिटच देते. ४ बाय ४ चा ठोकळा घेतला तर आपलं १६ एमबीचं टेक्स्चर ४ एमबीत बसतं, ८ बाय ८ चा घेतला तर एका एमबीत. चेहऱ्याला लहान ठोकळा आणि चिखलाच्या जमिनीला मोठा, अशी निवड कलाकार करतात. पण जुन्या फोनना एएसटीसी कळत नाही. त्यांच्यातल्या ईटीसी-१ या पद्धतीत तर पारदर्शकतेची सोयच नव्हती. झाडाच्या पानासाठी वेगळं दुसरं चित्र जोडावं लागे. त्यामुळे एकाच खेळाची सामग्री दोन-तीन प्रकारांनी तयार होते आणि प्ले स्टोअर फोन पाहून योग्य ती पाठवतं.

दूरच्या वस्तू कमी तपशिलात दाखवायची कल्पना फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९७६ मध्ये जेम्स क्लार्क यांनी ती एका शोधनिबंधात मांडली. पुढे सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी काढणारे क्लार्क ते हेच. जवळचं घर हजारो त्रिकोणांचं, तेच लांबून शे-दोनशेंचं. फोनच्या पिढीप्रमाणे फक्त हा बदल किती अंतरावर व्हायचा, ते ठरतं.

आता धुराचा बॉम्ब घ्या, कारण फोनची खरी परीक्षा तिथे होते. मोबाइलच्या बहुतेक ग्राफिक्स चिपा पडद्याचे लहान चौकोन पाडतात, माली चिपांमध्ये साधारण १६ बाय १६ पिक्सेलचे, आणि एकेक चौकोन चिपवरच्या छोट्या मेमरीत पुरा करून मग बाहेर पाठवतात. छोटी मेमरी म्हणजे हाताशी असलेला ओटा आणि मुख्य रॅम म्हणजे माळा. माळ्यावर जितके चढउतार, तितकी दमछाक. भिंतीमागचं घर दिसतच नसतं, म्हणून चिप ते रंगवायचं टाळू शकते. धुराच्या बाबतीत ही पळवाट नाही. तो अर्धपारदर्शक, थरावर थर. प्रत्येक थर मागच्या रंगात मिसळावा लागतो. खेळाडू धुरात शिरला की तेच पिक्सेल आठ-दहा वेळा रंगवले जातात आणि ऐन चकमकीत फ्रेम कोसळतात. मग धूर काढून टाकावा का? नाही! धूर ही त्या खेळात आडोशाची जागा आहे. साध्या फोनवर तो विरळ केला, तर त्या फोनवाल्याला पलीकडचा शत्रू दिसेल. म्हणून धुराचे ढग मोजके पण मोठे करतात, निम्म्या रिझोल्यूशनमध्ये काढतात. पण त्याचा घेर आणि दाटपणा सगळ्या फोनवर सारखा ठेवतात.

गवताचं दुखणं याच जातीचं. दूरचं गवत काढणं परवडत नाही, म्हणून ठरावीक अंतरापलीकडे ते गायब होतं. गवतात आडवा पडलेला खेळाडू स्वतःला सुरक्षित समजतो आणि लांबून दुर्बिणीतून बघणाऱ्याला तो उघड्या जमिनीवर दिसतो. 'पब्जी' या बॅटल रॉयल खेळाच्या खेळाडूंची ही जुनी तक्रार. महागडे फोन असलेली मुलंही मुद्दाम 'स्मूथ' सेटिंग लावतात त्याचं कारणही हेच: सजावट कमी, शत्रू स्पष्ट आणि फ्रेम जास्त.

साध्या आणि महागड्या फोनवाल्यांना कसं खेळवायचं, या प्रश्नाला भारतात दोन कंपन्यांनी दोन उत्तरं दिली. पब्जी मोबाइलने २०१९ मध्ये 'लाइट' आवृत्ती आणली. तिच्यात नकाशाच लहान होता आणि शंभराऐवजी साठच खेळाडू. म्हणजे हलक्या फोनवाल्यांची पंगतच वेगळी. गरेनाची 'फ्री फायर' मुळातच पन्नास जणांची आणि सुमारे दहा मिनिटांच्या डावाची होती. २०२१ मध्ये तिची सजलेली 'मॅक्स' आवृत्ती आली, तेव्हा साधी आणि सजलेली आवृत्ती वापरणारे एकाच मैदानात खेळू शकतील अशी सोय ठेवली. पुढे सरकारी बंदीने पब्जी २०२० मध्ये आणि साधी फ्री फायर २०२२ मध्ये इथून गेली. तोवर दोन्ही वाटा लोकांनी खेळून पाहिल्या होत्या. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ मध्ये 'इंडस' हा बॅटल रॉयल खेळ आणला, तोही याच बाजारात. याउलट नवी मुंबईत बनलेल्या 'लुडो किंग'सारख्या पटाच्या खेळात सोंगटी हलत नसताना सेकंदाला साठदा चित्र काढण्याची गरजच पडत नाही. तिथे बॅटरी वाचवायला भरपूर वाव असतो.

वेगापेक्षाही मोठी अडचण उष्णतेची. फोनला सहसा पंखा नसतो. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली पाच मिनिटं लोण्यासारखा चालणारा खेळ विसाव्या मिनिटाला रखडतो, तो यामुळे. फोन तापला की स्वतःच चिपचा लगाम खेचतो. २०२२ मध्ये सॅमसंगवर टीकेची झोड उठली ती याच लगामावरून. कंपनीची गेम सेवा अनेक ॲपचा वेग रोखत होती, वेग मोजणारी ॲप मात्र त्यातून सुटत होती. फोनचा वेग मोजणाऱ्या गीकबेंचने सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनच्या चार पिढ्या आपल्या यादीतून काढल्या आणि सॅमसंगला वापरणाऱ्यांच्या हाती निवड द्यावी लागली. अँड्रॉइड १० पासून फोन किती तापला आहे हे खेळाला विचारता येतं. त्यामुळे शहाणा खेळ लगाम बसण्याआधीच सावल्या आणि पिक्सेल कमी करतो. खेळाची चाचणी घेणारेही पहिल्या मिनिटाचे आकडे बाजूला ठेवून अर्ध्या तासानंतरचे बघतात.

घरी जुना फोन असलेल्यांनी एवढं करून पाहावं. आधी सावल्या बंद कराव्यात, मग ग्राफिक्स 'स्मूथ'वर आणावं आणि फ्रेम रेट फोनला सलग अर्धा तास झेपेल तेवढाच ठेवावा. न खेळले जाणारे नकाशे काढून टाकावेत. खेळताना जाड कव्हर उतरवावं आणि चार्जर लावून खेळू नये, कारण बॅटरी भरतानाची उष्णता त्याच डबीत साठते आणि चिपचा वेग आणखी लवकर उतरतो.