एकशे ब्याण्णव मतं

मी व्यवसायानं वकील. आमचं गाव सांगोला तालुक्यातलं. माणदेशातला हा दुष्काळी मुलूख ज्यांच्या नावानं महाराष्ट्राला ठाऊक झाला, त्या गणपतराव देशमुखांबद्दल आज बोलायचं आहे. आम्ही सारे त्यांना आबासाहेब म्हणत असू.

आबासाहेब मूळचे वकील. पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या कामात पडले आणि 1962 साली सांगोल्याचे आमदार झाले. तिथून 2014 पर्यंत ते अकरा वेळा निवडून आले, तेही एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे. पक्ष लहान, त्यामुळं बहुतेक काळ विरोधी बाकांवरच गेला. 1978 आणि 1999 साली मंत्रिपद मिळालं, पण राहणी बदलली नाही. आमदार झाल्यावरही ते एसटीनं प्रवास करत.

त्यांच्यातला वकील मला दिसतो तो रोजगार हमीच्या प्रश्नात. सरकारची योजना आणि कायदा यांत मोठा फरक असतो. योजना ही मेहेरबानी. आज आहे, उद्या नाही. कायदा झाला की तो हक्क होतो. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानं 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, असं त्यात लिहिलं गेलं. खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात कायद्याचं कलम आलं! पण कलम कागदावर राहू नये म्हणून कुणीतरी सभागृहात सतत उभं राहावं लागतं. आबासाहेब तसे उभे राहिले. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं त्यांनी कृष्णेच्या पाण्यासाठीही लढा दिला. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी काढली.

आता माझी एक गोष्ट. 1995 ची विधानसभा निवडणूक. मी तेव्हा पुण्यात कायद्याचं शिक्षण घेत होतो. वडिलांचा निरोप आला, 'मतदानाला ये.' मी म्हटलं, अभ्यास आहे, आणि आबासाहेब काय, निवडून येणारच! एसटीचं भाडंही वाचेल. निकाल लागला. आबासाहेब 192 मतांनी पडले होते.

माझ्या एका मतानं काही फरक पडला नसता, हे मलाही कळतं. पण माझ्यासारखे 'येणारच' म्हणणारे किती असतील, याचा हिशेब मी आजही करतो. सुटीत घरी गेलो, तर वडील त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आबासाहेबांना हा काही पहिला पराभव नव्हता. 1972 सालीही ते हरले होते आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले होते. 1995 नंतरही त्यांनी पक्ष बदलला नाही, गावोगाव फिरणं सोडलं नाही. 1999 साली लोकांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठवलं. त्या वेळी मी आदल्या रात्रीच्या गाडीनं गावी आलो आणि वडिलांबरोबर रांगेत उभा राहिलो.

30 जुलै 2021 रोजी आबासाहेब गेले. अशिलानं दाव्याच्या तारखेला हजर राहिलंच पाहिजे, हे मी रोज कोर्टात बजावतो. मतदानाच्या दिवशी आपणच अशील असतो, श्रोतेहो. तेवढी तारीख चुकवू नका.