‘फेटल’ : दैव आणि दोष

मृत्यू ओढवणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रजीत मुख्यतः तीन विशेषणे रूढ आहेत : ‘मॉर्टल’, ‘लीथल’ आणि ‘फेटल’. तिन्ही लॅटिनमधून आलेली, पण त्यांची कुळे निराळी. ‘मॉर्टल’चे मूळ ‘मॉर्स’ म्हणजे मरण; संस्कृतातील ‘मृत्यू’ आणि ‘मर्त्य’ हे त्याचे सगोत्र होत. ‘लीथल’चे मूळ ‘लेतुम’. त्याचाही अर्थ मृत्यूच. ‘फेटल’च्या मुळाशी मात्र मृत्यू नाही, वाणी आहे.

लॅटिनमध्ये ‘फारी’ म्हणजे बोलणे आणि ‘फातुम’ म्हणजे जे बोलले गेले ते. देवांच्या मुखातून निघालेले वचन टळत नाही, या श्रद्धेमुळे ‘फातुम’ला दैव हा अर्थ आला. ज्याला अजून बोलता येत नाही ते मूल ‘इन्फन्ट’. हा शब्दही याच घराण्यातला. मराठी माणसाने दैव सटवीने कपाळी लिहिलेले मानले. रोमनांनी ते उच्चारलेले मानले, एवढाच काय तो भेद. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यात ‘फेटल’ येतो तो दैवनियत याच अर्थाने. प्राणघातक हा अर्थ त्यानंतर रुळला.

पुढे हाच शब्द कायद्याच्या मथळ्यावर चढला. इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वानुसार दुसऱ्याच्या चुकीने जायबंदी झालेल्यास भरपाई मागता येई. पण तो दगावला, तर त्याच्या विधवेला आणि मुलांना दिवाणी न्यायालयात दाद नव्हती. म्हणजे जखमी करणे महाग आणि ठार करणे स्वस्त! रेल्वेच्या विस्ताराबरोबर हा अन्याय डोळ्यांवर येऊ लागला. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘फेटल ॲक्सिडेंट्स’ कायदा तेथे झाला. १८५५ मध्ये त्याच धर्तीचा कायदा भारतात आला. गैरकृत्य, हयगय किंवा कसूर यांमुळे मृत्यू घडल्यास मृताच्या जवळच्या आप्तांसाठी दावा लावण्याचा मार्ग त्याने खुला केला. ज्या शब्दाने एके काळी सारा भार देवांवर टाकला, त्याच शब्दाखाली माणसाचा दोष तपासला जाऊ लागला.

भाषांतरकाराची जबाबदारी येथेच सुरू होते. रस्त्यावरील अपघाताला ‘काळाने घाला घातला’ असे म्हटले की वाक्य भारदस्त होते. परंतु झिजलेला ब्रेक, उघडा खड्डा आणि झोपेने पेंगुळलेला चालक त्यातून नाहीसे होतात. ‘प्राणांतिक अपघात’ हा शब्द रुक्ष खरा. पण तो झाले ते सांगतो आणि ‘कोणामुळे?’ हा प्रश्न विचारण्यास जागा ठेवतो.