मेंदूतील विजेचा हिशेब



मलिक अंबरच्या नहरींच्या या गावात, पाणी सोपी वाट शोधते हे काही मी सांगायला नको. वीजही तेच करते. आजचा सगळा विषय एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे.

मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधायचे आणि त्यांतून दोन मिलिअँपिअर प्रवाह वीसएक मिनिटे सोडायचा, असा एक उपचार नैराश्यावर व पक्षाघातानंतरच्या दुबळेपणावर आजमावला जात आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियातील भासांवर त्याचे प्रयोग झाले. रोममध्ये 1938 साली सुरू झालेला झटक्याचा उपचार निराळा. त्यात मुद्दाम आकडी आणतात, येथे कातडीला मुंग्या येतात इतकेच. पण यातली वीज मेंदूत पोचते किती?

कवटी उघडून पाहावे, तर रोगी तयार होणार नाही! म्हणून संगणकात डोके रचतात. एमआरआयच्या चित्रांवरून कातडी, कवटी, मेंदूभोवतालचे पाणी, करडा भाग, पांढरा भाग वेगळे करायचे. त्यांचे लक्षावधी चिमुकले तुकडे पाडायचे. प्रत्येकाची विद्युत्‌वाहकता लिहायची आणि गणित सोडवायचे. मेंदूभोवतालचे पाणी कवटीपेक्षा सुमारे दीडशेपट सुलभ वाहक धरतात. तेव्हा बराचसा प्रवाह कातडीतूनच परस्पर निघून जातो, आत शिरलेल्यातला पुष्कळसा त्या पाण्यात पसरतो. मेंदूत उरते ते बल मीटरला एक व्होल्टपेक्षाही कमी. अपस्मारावरील शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत तारा आधीच बसवल्या होत्या, अशा दहा रोग्यांत हे प्रत्यक्ष मोजले गेले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या मोजमापांशी गणिताचा मेळ बऱ्यापैकी बसला.

आता खरी अडचण. म्हातारपणी मेंदू आकसतो, पाणी वाढते; कोणाची कवटी जाड, कोणाची पातळ. प्रवाह सर्वांना दोन मिलिअँपिअरच, पण एकाच्या मेंदूला मिळते त्याच्या दुप्पट दुसऱ्याला मिळू शकते. चष्मा डोळे तपासून देतात, आणि वीज मात्र सरसकट! प्रत्येकाचा एमआरआय काढणे खर्चाचे, म्हणून नमुन्याचे डोके वापरतात. माँट्रियलचा असा एक प्रसिद्ध नमुना एकाच माणसाची 27 चित्रे एकत्र करून बनला आहे. त्याच्या मापाने पैठणच्या आजीबाईंचा हिशेब करायचा काय? हैदराबादच्या आयआयआयटीने 2019 साली 100 भारतीयांच्या चित्रांवरून सरासरी मेंदूचा नकाशा तयार केला; पाश्चात्त्य नमुन्यांच्या मानाने तो आकाराने लहान निघाला. हे काम मला फार मोलाचे वाटते.

मात्र वीज कोठे किती पोचली, एवढेच हे गणित सांगते. तिने रोग्याची उदासी हटेल काय, हे त्यात येत नाही. म्हणून घरच्या घरी लावायच्या पेट्या विकणारा संगणकाची रंगीत चित्रे दाखवू लागला, तर त्याला विचारा: हे डोके कोणाचे?