खरखर काढताना



गेली दोन वर्षे आम्ही कचेरीतले तिघे मित्र रविवारी बसून जुन्या तबकड्यांवरचे नाट्यसंगीत संगणकावर उतरवतो. परदेशात बीटल्सचे चाहते असेच जुने अल्बम घरी साफ करतात. आपल्याकडे तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' मुंबईत १९९० साली निघाली. आमचे आपले घरगुती काम.

जुनी तबकडी लाखेची. स्पिरिटने कधी पुसू नका, लाख विरघळते. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे चालते. एलपीची सुई तिला चालत नाही, जवळपास तिप्पट जाड लागते. गतीही ७८ फेऱ्यांचीच असेल असे नाही, विशेषतः १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यासमोर गाऊन भरलेल्या तबकड्यांची. ७४ फेऱ्यांनी भरलेली ७८ वर लावली की गाणे जवळजवळ अर्धा स्वर चढते.

भालकीच्या एका काकांनी बालगंधर्वांची तबकडी दिली. खरखर फार होती. आम्ही पडलो डिप्लोमावाले, हौस दांडगी! ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून खरखर पार काढली आणि मोठ्या ऐटीत काकांना ऐकवली.

काका म्हणाले, "स्वच्छ झालं बाबा. पण नारायणरावांचा श्वास कुठं गेला? आणि ऑर्गन विहिरीत बसून वाजवल्यासारखा का वाटतोय?"

खरेच होते. खरखरीबरोबर श्वास, शब्दांतले 'स' आणि 'श', ऑर्गनची धार, सगळेच गेले होते. पुन्हा करावे, तर मूळ फाइल आम्ही जागा वाचवायला पुसलेली. पुन्हा उतरवायला तबकडी आणली, ती मोटारसायकलवर तडकली. काका एक शब्दही बोलले नाहीत. तेच जास्त लागले.

आता मूळ फाइल खरखरीसकट दोन ठिकाणी ठेवतो. टिकटिक तेवढी एकेक करून हाताने काढतो, बाकी खरखर राहू देतो. पट्टी तपासायला तेच काका पेटी घेऊन बसतात. स्वर दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकला की गतीवर पहिला संशय त्यांचाच.

कुणाच्या माळ्यावर तबकड्या असतील तर एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. मंडळात निरोप द्या. यंत्र घेऊन आम्हीच घरी येऊ, तबकडी उंबऱ्याबाहेर नेणार नाही.