कार्डावर हिरड्यांची एक ओळ

स्त्रीरोग आणि दंतवैद्यक या दोन्ही शाखांतले माझे सहकारी, परिचारिका भगिनी आणि पहाटेची पहिली एसटी धरून मंडणगडापासून राजापूरपर्यंतच्या गावांतून आलेल्या आशाताई,

रत्नागिरीत तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. कोल्हापूरची मंडळी आंबा घाट उतरून आली आहेत, मुंबई-गोव्याकडची कोकण रेल्वेने. बाळंतपणं करणारे आणि दात पाहणारे डॉक्टर एकाच सभागृहात शेजारी शेजारी बसलेले मी तीस वर्षांत पहिल्यांदाच पाहते आहे. मला आज सगळ्यात मोठा आनंद त्याचाच आहे.

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची ओळख करून द्यावी असा रिवाज आहे. थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान, भाट्याचा किनारा हे तुम्ही संध्याकाळी पाहालच. मी ओळख करून देते ती एका आकड्याने. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. घरातला कर्ता माणूस मुंबईला, आणि इकडे भातशेती, गुरं, म्हातारी माणसं आणि पोटातलं मूल हे सगळं तिच्या एकटीकडे. अशी बाई हिरडी सुजली म्हणून दवाखान्याची पायरी केव्हा चढणार?

काही वर्षांपूर्वी संगमेश्वराकडची एक मुलगी आठव्या महिन्यात माझ्याकडे आली. पायांवर सूज, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी. बीपी १७०/११०, लघवीत प्रथिनं, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं, त्याच रात्री सिझेरियन केलं. बाळ जेमतेम दीड किलोचं, पण दोघंही वाचली. तिसऱ्या दिवशी राऊंडला गेले तर तिच्या उशीवर रक्ताचे डाग. प्लेटलेट्स घसरल्या की काय, म्हणून माझ्या छातीत धस्स झालं. रिपोर्ट चांगला आला. मग आमच्या दंतवैद्य सहकाऱ्यांनी तिचं तोंड तपासलं. हिरड्या दातांपासून सुटलेल्या, आत पू. ती म्हणाली, "बाई, चौथ्या महिन्यापासून रक्त येतंय. म्हणून मी मशेरी जास्त लावायला लागले."

गरोदरपणाच्या कार्डावर तिचं वजन होतं, हिमोग्लोबिन होतं, धनुर्वाताच्या इंजेक्शनाची तारीख होती. तिच्या चार तपासण्यांपैकी दोन मी स्वतः केल्या होत्या. तोंड उघड, असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं.

तिचं बीपी हिरड्यांमुळेच चढलं असं मी म्हणत नाही. कोणाही एका बाईबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण या दोन दुखण्यांचं नातं आता कानावेगळं करण्याजोगं राहिलेलं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत ऑफेनबाकर यांच्या गटाने हिरड्यांचा रोग आणि अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं यांचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे मांडला. २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात बॉगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं की प्रसूतीच्या वेळी ज्यांच्या हिरड्यांचा रोग तीव्र होता, त्यांच्यात प्रीएक्लॅम्पसियाचा धोका दुपटीच्या वर होता. त्यामागचं कारण आपल्याला पटण्यासारखं आहे. सुजलेल्या हिरडीतून जंतू आणि दाहाची रसायनं रोज थोडी थोडी रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर त्यांनी दुखावतं. प्रीएक्लॅम्पसियात बिघडतं तेही हेच अस्तर, आणि वारेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या तिथे आधीच अरुंद राहिलेल्या असतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००६ मध्ये मिचालोविझ यांनी ८२३ गरोदर स्त्रियांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केले, हिरड्या सुधारल्या, आई-बाळाला अपाय झाला नाही; पण वेळेआधीची बाळंतपणं काही कमी झाली नाहीत. हे वाचून काहींनी विषयच मिटवून टाकला. मी त्यातून वेगळं शिकले. पहिलं म्हणजे, 'पोटुशी बाईने दाताला हात लावू देऊ नये' ही आपल्याकडची भीती खोटी आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात साफ करून घ्यायला, किडका दात भूल देऊन काढायला काहीही हरकत नाही. दुसरं असं की, वार रुजून गेल्यावर हिरड्यांकडे वळणं हा कदाचित उशीरच असतो. काम लग्नाआधी, कॉलेजातल्या मुलीपासून सुरू व्हायला हवं. आपल्या जिल्ह्यात ते अशक्य नाही. खेडला दंत महाविद्यालय आहे. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घ अभ्यास हाती घेतला आहे. या दोन ठिकाणांत अंतर ते किती!

आणि मशेरी. तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू सकाळी उठल्या उठल्या दातांना लावायचा, कामाच्या मध्ये पुन्हा, निजताना पुन्हा. आपण तिला व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतो, आणि म्हणूनच विचारायचं राहून जातं. 'तंबाखू खातेस का?' या प्रश्नाला माझ्याकडे येणाऱ्या बायका अगदी खरेपणाने 'नाही' म्हणतात. 'मशेरी लावतेस का?' असंच विचारावं लागतं. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली, आणि त्या तंबाखूत मुख्य होती ती मशेरीच. स्वीडनमध्ये तोंडात धरायचा तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांत प्रीएक्लॅम्पसियाही जास्त आढळला. हिरडी आणि बीपी या दोन्ही ठिकाणी हात घालणारी ही एक काळी पूड आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर डबीत ठेवलेली असते.

आपण दोन शाखांचे लोक एकमेकांना न विचारता काय करतो, तेही पाहा. मी बीपीसाठी निफेडिपिन देते. त्याने काही जणींच्या हिरड्या वाढतात, हे दंतवैद्यांना ठाऊक असतं, मला आठवत नाही. मी कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करते, आणि दात साफ करायचे म्हणून कोणीतरी ती परस्पर बंद करायला सांगतं. तशी काही गरज नसते. दाताच्या खुर्चीत बसलेल्या सहाव्या महिन्यातल्या बाईला बीपीचा पट्टा कोणी बांधत नाही, आणि १४०/९० ओलांडलेलं बीपी तिच्याबरोबर घरी जातं.

म्हणून स्वागत समितीच्या वतीने या संमेलनाकडे माझं एकच मागणं आहे. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीत, माता व बाल संरक्षण कार्डावर, एक ओळ हाताने लिहायची: हिरड्यांतून रक्त येतं का, मशेरी लावते का. सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला होते. त्या दिवशी एक दंतवैद्य शेजारच्या टेबलाशी बसावा. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. आरसा, टॉर्च आणि पाच मिनिटं पुरतात.

आशाताई, तुमच्यापैकी काहींनी मला सांगितलं की सासूबाई स्वतः मशेरी लावत असताना सुनेला 'सोड' कसं म्हणायचं, हीच खरी अडचण आहे. दुपारच्या सत्रात पहिला अर्धा तास त्यासाठीच राखून ठेवला आहे. तेव्हा आम्ही डॉक्टर ऐकू आणि बोलाल तुम्ही.

सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडलं आहे. त्यावर सहा बीपीची यंत्रं आहेत, आणि दात पाहायचे सहा आरसे. जेवायला जाण्याआधी प्रत्येक दंतवैद्याने शेजाऱ्याचं बीपी मोजावं, प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाने शेजाऱ्याच्या हिरड्या पाहाव्यात. सोलकढी थंड ठेवली आहे, ती थांबेल.