जागा निघाली की



दुसऱ्या संधीच्या गोष्टी आपण फार आवडीने सांगतो. जिद्द, घाम, घरच्यांचे कष्ट आणि शेवटी टाळ्या. त्यात खोटं काहीच नसतं. पण एरिका व्हीलर या अमेरिकन बास्केटबॉलपटूची कहाणी सांगताना मला तिच्या जिद्दीबरोबर जागांचा हिशेबही मांडायचा आहे.

एरिका मायामीची. उंची ५ फूट ७ इंच, म्हणजे त्या मैदानावर बुटकीच. ती रटगर्स विद्यापीठाकडून खेळत होती, तेव्हा २०१२ मध्ये तिची आई कर्करोगाने गेली. महाविद्यालयातला शेवटचा मोसम ती आईविना खेळली. २०१३ मध्ये डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट झाला. त्यात संघ पाळीपाळीने नव्या खेळाडूंची नावं पुकारतात. संघ १२, फेऱ्या ३, निवडलेल्या मुली ३६. पहिलं नाव ब्रिटनी ग्रायनरचं होतं. एरिकाचं नाव कुणीच पुकारलं नाही.

आणि नाव निघालं म्हणजे नोकरी लागली, असंही नाही बरं का. तेव्हा एका संघात जास्तीत जास्त ११ खेळाडू. साऱ्या लीगच्या मिळून १३२ जागा, त्याही बहुतेक आधीच भरलेल्या. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या मुलीसुद्धा सराव शिबिरातूनच घरी परततात. आपल्याकडे रेल्वेत नोकरीची जागा कधी निघते याकडे कित्येक खेळाडू मुली डोळे लावून बसतात. हे त्याहूनही अरुंद दार आहे. एरिका पोर्तो रिकोत खेळली, ब्राझीलमध्ये खेळली, तुर्कस्तानात खेळली. परदेशातले ते क्लब नसते तर ती २०१३ मध्येच संपली असती. २०१५ मध्ये तिला अटलांटाने घेतलं आणि मोसमाच्या मध्येच सोडलं. त्याच मोसमात न्यूयॉर्कने उचललं. पुढच्या वर्षी ती इंडियानात आली.

मोसमाच्या मध्ये संघ बदलणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. एरिका पॉइंट गार्ड. चेंडू तिच्या हातात. ८ सेकंदांत मधली रेषा ओलांडायची आणि २४ सेकंदांच्या आत संघाने बास्केटकडे चेंडू मारायचा. तेवढ्यात तिने बोटांनी खूण करायची किंवा ओरडून चालीचं नाव सांगायचं, आणि बाकीच्या चौघींनी त्याप्रमाणे पळायचं. पण चाली बऱ्याचशा त्याच असल्या तरी प्रत्येक संघात त्यांची नावं वेगळी. नव्याने आलेल्या मुलीने ती सगळी पाठ करून, धड ओळखही नसलेल्या चौघींना पळवायचं. एक हाक चुकली की दोघी एकाच कोपऱ्यात जाऊन धडकतात. बाकावरून प्रशिक्षक ते पाहत असतो, आणि शेवटच्या जागेवर बसलेल्या खेळाडूला अशा चुका फार दिवस परवडत नाहीत. ही परीक्षा एरिकाने पुन्हा पुन्हा दिली.

२७ जुलै २०१९, लास वेगास, लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना. एरिकाने २५ गुण केले. त्यात ७ बास्केट तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेली. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब तिलाच मिळाला. ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. किताब हातात घेताना ती रडली आणि तिने आईची आठवण काढली. पुढच्या वर्षी कोविडने हृदयाभोवती पाणी झालं, अख्खा मोसम बुडाला, नंतर इंडियानानेही सोडलं. लॉस एंजेलिसने तिला लगेच घेतलं. २०२५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती सिएटलकडून खेळत होती.

आता आधीच्या काळातली अमेरिकन बास्केटबॉलपटू ल्युसिया हॅरिस पाहा. १९७६ मध्ये माँट्रियलला महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथमच आलं आणि त्यातलं पहिलं बास्केट मिसिसिपीच्या या मुलीने केलं. १९७७ मध्ये पुरुषांच्या एनबीएमधल्या न्यू ऑर्लिन्स संघाने ड्राफ्टमध्ये तिचं नाव घेतलं. ती गेली नाही. महिलांची एक लीग पुढच्या वर्षी निघाली, त्यात ती थोडी खेळली, आणि तीन मोसमांत ती लीगच बंद पडली. डब्ल्यूएनबीए सुरू व्हायला १९९७ उजाडलं. ल्युसिया गावाकडे शाळेत शिकवत राहिली. जिद्दीत ती कुठे कमी होती, हे मला कुणीतरी दाखवून द्यावं. तिच्या काळी परत यायला जागाच नव्हती.

म्हणून २०२५ ची एक घटना मला फार मोलाची वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन स्टेट वाल्किरीज हा तेरावा संघ उभा राहिला. बाकीच्या संघांनी आपल्या प्रत्येकी जास्तीत जास्त सहा खेळाडू राखून ठेवल्या. उरलेल्यांतून याची बांधणी सुरू झाली. पहिल्याच मोसमात हा संघ बाद फेरीत पोचला. नव्या संघाला हे आजवर जमलं नव्हतं. आधीच्या संघात बहुतेक वेळ बाकावर बसणारी व्हेरॉनिका बर्टन सर्वाधिक प्रगती करणारी खेळाडू ठरली. कायला थॉर्नटन ही २०१४ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेली मुलगी. बत्तिसाव्या वर्षी ती प्रथमच ऑल-स्टार झाली. या दोघी आदल्या वर्षीही याच लीगमध्ये होत्या, सराव करत होत्या. टोरांटो आणि पोर्टलंड यांनाही २०२४ मध्ये संघ मंजूर झाले. म्हणजे आणखी दोन संघांच्या जागा.